थंडी गोड कुणाला?

आमच्या निफाड तालुक्याचं नाव एरवी पेपरात येतं ते द्राक्षामुळं, नाहीतर लासलगावच्या कांद्याच्या भावामुळं. डिसेंबर लागला की मात्र आम्ही थंडीसाठी छापून येतो. कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला पारा किती उतरला हे सकाळी सगळा महाराष्ट्र वाचतो, आणि मग पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "मग काय, मजा आहे बुवा तुमची. शेकोटी, हुळा, बाजरीची भाकरी!" मजा आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या मजेत एक खडा आहे. भाकरी कितीही गोड असली तरी तो दाताखाली येतोच. मला त्या खड्याबद्दल लिहायचं आहे.

आधी मजा सांगून घेतो, नाहीतर म्हातारा नुसता रडगाणं गातोय असं वाटायचं.

शेतीची लाइट आम्हाला काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाला पाणी भरायला उठावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं आणि मनात बिबट्या. अंगावरच्या घोंगडीतून वारा आरपार जातो. पण मोटर सुरू झाली आणि पाटाला पाणी आलं की एक चमत्कार होतो. विहिरीच्या खोलातलं पाणी बाहेरच्या हवेइतकं गार नसतं. पाइपाच्या तोंडातून अक्षरशः वाफा निघतात. दारं धरायला वाफ्यात उतरलं की पाय घोट्यापर्यंत कोमट पाण्यात, आणि गुडघ्याच्या वर मात्र थंडी सुऱ्यासारखी. असा निम्मा माणूस सुखात आणि निम्मा दुःखात मी कितीतरी रात्री उभा राहिलो आहे. पाय बाहेर काढू नयेत असं वाटतं. शहरातल्या गरम पाण्याच्या टाक्यांमध्ये हे सुख असेलही, पण तिथं वर चांदण्या नसतात.

हुळ्याचं काय सांगायचं! घाटे भरलेला हरभरा मुळासकट उपटायचा, काट्याकुट्याचा जाळ करायचा, त्यावर धरायचा. पाला जळून जातो, घाटे भाजून राखेत पडतात. ते वेचून सोलून खायचे. तोंड काळं, हात काळे, सदऱ्यावर राख. घरी हुलग्याचे शेंगोळे लसणाच्या फोडणीत रटरटत असतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. ही भाकरी उन्हाळ्यात खाल्ली तर पोट जळजळतं. थंडीत तीच औषध होते.

आणि सगळ्यात वरची गोष्ट म्हणजे गोधडी. माझी आई गोधडी शिवायची ती ऐन उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखाच्या दुपारी, लिंबाच्या सावलीत. खाली एक लुगडं, वर एक लुगडं, आत वडिलांची फाटकी धोतरं आणि कडेला बहिणींच्या परकरांचे चौकोन. एवढ्या उकाड्यात ती मांडीवर ते ओझं घेऊन बसायची आणि धावदोरा घालत राहायची. एका गोधडीला दोन महिने लागायचे. तेव्हा आम्हाला हसू यायचं. पुढं कळलं की थंडीतली ऊब थंडीत तयार होत नाही, ती कुणीतरी सहा महिने आधी घाम गाळून केलेली असते.

झाली मजा सांगून. आता खडा.

माझी नात आठवीत आहे. मागं एकदा मी तिला आमच्या लहानपणच्या थंडीच्या गोष्टी रंगवून सांगत होतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, तुमच्याकडं गोधडी होती म्हणून तुम्हाला थंडी आवडते." एवढंच बोलली आणि अभ्यासाला बसली. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. तर्कशास्त्र वगैरे शिकलो नाही. पण हे वाक्य तपासून बघितलं पाहिजे असं वाटलं.

तपासायला मला फार लांब जावं लागलं नाही. ७२ साल आठवलं. तेव्हाही हिवाळा आला होता, तेव्हाही आकाश तसंच निरभ्र होतं, आईची गोधडीही होती. पण शिवारात हरभरा नव्हता, गहू नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि रेशनचा लाल मिलो खात होते. त्या हिवाळ्याची आठवण आमच्या गावात कुणी गोड करून सांगत नाही. मी तरी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. म्हणजे नुसती गोधडीसुद्धा पुरत नाही. थंडी गोड लागायला आधी कणगीत दाणे असावे लागतात. नातीचं वाक्य मी उलट जास्तच खरं करून घेतलं.

मग प्रश्न असा की, ज्याला ऊब आहे त्यानं ती सुखानं घ्यावी का? शेजारी कुणी कुडकुडत असताना आपण भाकरीवर लोणी घालून 'वा, काय थंडी आहे' म्हणावं का?

याला लोक दोन उत्तरं देतात. एक उत्तर साधुपुरुषांचं. दुसरा थंडीत असेल तर तूही पांघरूण टाकून दे. मला हे पटत नाही. मी कुडकुडल्यानं त्याची थंडी कमी होत नाही, फक्त कुडकुडणारे दोन होतात. दुसरं उत्तर आमच्याकडं जास्त चालतं. "त्यांना सवय असते." हे उत्तर मी पारावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ऐकलं आहे.

या सवयीची गोष्ट जरा थांबून बघू. आमच्या तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वरचं धरण आहे. पाणी उथळ, गाळ भरपूर, म्हणून तिथं हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव झालं आहे. थापट्या येतात, चक्रवाक येतात. चक्रवाक तर लडाख-तिबेटाकडचा. ज्या थंडीला आम्ही दात वाजवतो त्या थंडीत तो ऊब घ्यायला येतो. त्याच्या मानानं निफाड म्हणजे चैत्रच. हे बघून कुणी म्हणेल, बघा, थंडी ही सवयीचीच गोष्ट आहे. पण चक्रवाकाच्या अंगावर पिसं असतात हो! आणि तो आपल्या मर्जीनं उडून येतो, मर्जीनं परत जातो. माणसाचं कातडं मालकाचं असो की मजुराचं, सारखंच पातळ. 'सवय' हा शब्द मी आजवर फक्त पांघरुणातल्या माणसाच्याच तोंडून ऐकला आहे.

२०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडं पारा दोन अंशांच्याही खाली गेला. पानांवरचं दव गोठलं. पोरं मोबाइलवर फोटो काढत हिंडत होती. गव्हाला अशी थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. द्राक्षाला ती मारते. वेलीची वाढ थांबते, मणी फुगत नाहीत, मण्यात पाणी उतरलेलं असलं तर ते तडकतात. एकाच बांधाच्या अलीकडं मी थंडीला हात जोडत होतो आणि पलीकडं शिव्या देत होतो.

बागेच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडची टोळी होती. छाटणीपासून माल निघेपर्यंत ही माणसं आमच्याकडं असतात. एकरावर उक्तं काम ठरतं. लहानमोठी मिळून नऊ माणसं, त्यात एक बाई नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन आलेली. राहायला शेड. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला ताडपत्री. त्या दिवसांत घडांना पेपर लावायचं काम चालू होतं. थंडीनं मणी गुलाबी पडतात आणि व्यापारी भाव पाडतो, म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राच्या रद्दीत गुंडाळून स्टेपल मारतात. निफाडच्या थंडीची बातमी छापलेले पेपरसुद्धा त्यात गेले असतील.

शिवाय पहाटे तीनला उठून बागेच्या कडेनं जाळ करायचा. भुसा, ओलं गवत, छाटणीच्या काड्या टाकून धूर करायचा, म्हणजे बागेतली हवा थोडी उबदार राहते. हे काम टोळीचंच. मी बॅटरी घेऊन गेलो तेव्हा जाळाभोवती सगळी बसली होती. म्हातारी, पोरं, ती लेकुरवाळी. म्हातारी सरकली आणि म्हणाली, "ये बाबा, बस." मीही बसलो. शेकोटीची हीच गंमत आहे. चौघं असली काय आणि दहा असली काय, तिची ऊब कमी होत नाही. उलट दहावा येताना एक काटकी घेऊन येतो. म्हणून शेकोटीवर सगळ्यांचं मन मोठं असतं. गावाकडच्या प्रेमाची जेवढी वर्णनं लिहिली जातात ती बहुतेक शेकोटीपाशी लिहिली जातात. पण तिथं बसल्या बसल्या मला दिसत होतं की हा जाळ माणसांसाठी पेटवलेला नाही. माणसं शेकत होती ती द्राक्षाच्या नावावर. बागेत द्राक्षं नसती तर पहाटे तीनला तिथं जाळ नसता.

गोधडीचं तसं नाही. एकानं ओढली की दुसरा उघडा पडतो. तिथं माणसाचं मन कळतं.

सकाळी मी निफाडला गेलो आणि सहा ब्लँकेटं आणली. यात माया किती आणि बागेची काळजी किती, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. टोळीतली दोन माणसं तापानं पडली असती तर पेपरचं काम अडलं असतं, हे मला चांगलं कळत होतं. दोन्ही होतं. चांगल्या कामात स्वार्थ मिसळला म्हणून ब्लँकेट काही कमी गरम होत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर आईची गोधडी नव्हती. आमच्या मंडळींनी ती त्या लेकुरवाळीला देऊन टाकली होती.

"अगं, सहा ब्लँकेटं दिली ना?"

"ब्लँकेट टोचतं लेकराला. आणि घसरतं अंगावरून."

"पण ती आईची होती."

"आईंचीच होती. त्या असत्या तर त्यांनी दिली नसती का?"

"दिली असती. पण नवी शिवून दिली असती. ही नसती दिली."

या वादाला आता काही वर्षं झाली आणि तो अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं मी इथं स्पष्टच मांडतो. माणसानं आपल्या जिवापलीकडची वस्तू द्यावी, तरच ते खरं दान, असं कीर्तनात सांगतात. मला ते मान्य नाही. आमच्या गावात घरटी एक पेटी आहे आणि प्रत्येक पेटीत लग्नातल्या आहेराची, घडीसुद्धा न मोडलेली ब्लँकेटं, चादरी डांबरगोळ्या टाकून ठेवलेली आहेत. लोक थंडीत आहेत ते कुणी आईची गोधडी दिली नाही म्हणून नाही. लोक थंडीत आहेत कारण पेट्या बंद आहेत. आधी जादाचं बाहेर काढा. एवढं सगळ्यांनी केलं तर कुणाला काळीज कापून द्यायची वेळ येणार नाही. आणि एखादी गोधडी आपल्यापाशी ठेवण्यात मला काही पाप दिसत नाही. माणसाला फक्त अंगाचीच थंडी वाजते असं थोडंच आहे.

यावर मंडळींनी जे उत्तर दिलं ते मला अजून खोडता आलेलं नाही. ती म्हणाली, "जादाचं म्हणून कुणाकडं काही असतं का? पेटी उघडून बघा तुम्ही. एक एक वस्तू हातात घेतली की लागणारीच वाटते. ही पोरीच्या बाळंतपणाला, ही पाहुण्याला, ही असू दे. म्हणून मी पेटी उघडलीच नाही. पलंगावरची उचलली आणि दिली."

मार्चमध्ये माल निघाला, हिशेब झाला, टोळी पिकअपमधून गेली. टपावर दोरीनं बांधलेल्या बोचक्यातून हिरव्या लुगड्याचा कोपरा बाहेर आला होता. मी दोरी आवळून दिली. पुढच्या साली त्यांना दिंडोरीकडं जास्त भाव मिळाला, ती तिकडं गेली. शेडच्या जागी मी आता दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत, दाराच्या. पण पत्रा थंडीत आणखी गार पडतो, आतून गवताचं छत करावं लागणार आहे.

मी ब्लँकेट घेऊन झोपतो. खरंच घसरतं ते.

यंदा उन्हाळ्यात मंडळींनी नवी गोधडी घातली. डोळे अधू झालेत, टाके आईसारखे बारीक पडत नाहीत, दोरा ओवून द्यायला नातीला बोलवावं लागतं. वरखाली तिचीच दोन पातळं आहेत. आत भरायला वडिलांचं धोतर आता कुठून आणणार? तिथं माझे दोन लेंगे गेले.