निवेदकाचे बोलणे आणि संशोधकाचे ऐकणे

पदवीच्या पातळीवर भाषाविज्ञानाचा लघुप्रबंध लिहिणे ही आपल्याकडे आजवर अपवादात्मक गोष्ट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मांडलेल्या चार वर्षांच्या पदवी-आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो. मराठीच्या विद्यार्थ्याने असा पर्याय घेऊन बोलीचा विषय निवडला, की सामग्रीसाठी तो बहुधा आपल्याच घरी जातो. वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा, आणि बोली बोलणारी आजी घरातच. ही सोय वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

समजा, विषय वऱ्हाडीतील ‘ळ’च्या जागी येणाऱ्या ‘य’चा आहे. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘बाळंतपण’चे ‘बायंतपन’. शिकलेल्या नातवंडांच्या सहवासात आजीच्या बोलण्यात दोन्ही रूपे येत असणार. कोणते केव्हा येते, हे मोजायचे आहे. पण ध्वनिमुद्रक समोर दिसताच ती सावध होते आणि ‘शुद्ध’ बोलू लागते. न्यूयॉर्कमधील इंग्रजीच्या अभ्यासात (१९६६) विल्यम लबॉव यांच्यासमोर हीच अडचण होती. माणसे निरीक्षण होत नसताना कशी बोलतात हे हवे, आणि ते मिळवायचे तर निरीक्षणावाचून गत्यंतर नाही. त्यांनी काढलेल्या उपायांपैकी एक विख्यात आहे: आता आपण मरणार, असे वाटावे असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का, असे निवेदकाला विचारायचे. आठवणीत गुंतलेल्या माणसाचे उच्चारांवरचे लक्ष सुटते.

विद्यार्थी हा उपाय पुस्तकात वाचतो आणि आजीला तिच्या बहिणीविषयी विचारतो. बहीण बाळंतपणात गेलेली. आजी सांगू लागते, मध्ये थांबते, पुन्हा सांगते. तिच्या लेखी ‘बायंतपन’ हा त्या रात्रीचा शब्द आहे. नातवाच्या तक्त्यात ती ‘य’च्या रकान्यातली एक खूण असते.

येथे गैर नेमके काय घडले? फसवणूक म्हणावी, तर नातवाने ‘तुझ्या बोलीचा अभ्यास करतो आहे’ असे आधीच सांगितलेले आहे. संमतिपत्रावर सहीही आहे. परंतु नातवाने पुढे केलेल्या कागदावर आजी सही करणार नाही, हे संभवतच नाही. परक्या संशोधकाला नकार देता येतो. नात्यातल्याला देता येत नाही, आणि म्हणूनच त्या सहीला नैतिक वजन फारसे नसते. मला वाटते, दोष सांगण्याला आमंत्रण देऊन सांगितलेल्यापासून लक्ष काढून घेण्यात आहे. वैद्यही रुग्णाच्या बोलण्यापेक्षा छातीच्या ठोक्यांकडे लक्ष देतो, असा आक्षेप संभवतो. पण रुग्ण ठोके तपासून घेण्यासाठीच आलेला असतो. आजी आपले ‘य’ मोजून घेण्यासाठी बोलत नव्हती.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (मराठीचा खंड १९०५चा) उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा बोलीबोलींत उतरवून घेतलेली आढळते. त्या पद्धतीवर कृत्रिमतेची टीका झाली, आणि ती रास्तच आहे. तरी त्या नमुन्यापुरता हा प्रश्न उद्भवत नाही: सर्वांच्या तोंडी एकच परकी कथा असल्यामुळे कोणाचेच स्वतःचे काही सांगणे वाया जात नाही. सामग्री जिवंत झाली आणि त्याबरोबरच हे ऋण अंगावर आले.

‘ऋण’ हा शब्द खुद्द लबॉव यांचा आहे. अ‍ॅन आर्बर येथील कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयीच्या १९७९ सालच्या खटल्यात भाषावैज्ञानिकांनी साक्षी दिल्या. त्याविषयी १९८२ मध्ये लिहिताना, ज्या समाजाकडून सामग्री घेतली त्याला गरजेच्या वेळी ते ज्ञान उपयोगी पडले पाहिजे, असे तत्त्व त्यांनी मांडले. तत्त्व मोठे आहे. मात्र त्यात ऋणको संशोधक आणि धनको समाज असतो; सांगणारी एकटी बाई त्यात नसते. वऱ्हाडीला उद्या प्रतिष्ठा लाभली, तरी आजीचे सांगणे ऐकले गेले असे होत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यावर भाषाविज्ञानाला नावे ठेवण्याचे कारण नाही. ‘साहित्य’ म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व, हे वर्गात सांगणारे आपण ग्रामीण आत्मकथनातल्या बोलीचा ‘अस्सलपणा’ तपासताना याहून वेगळे काय करतो?

मोजणी थांबवावी, असे मी म्हणत नाही. मोजल्याशिवाय ध्वनिपरिवर्तनाविषयी बोलणे ही निव्वळ गप्पा होय. पण पदवीच्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट असते, जी परक्या सर्वेक्षकाकडे नसते: त्याला त्याच घरात पुन्हा जायचे असते. तक्ता पुरा झाल्यावर तीच फीत त्याने कागद-पेन्सिलीवाचून, आजीजवळ बसून ऐकावी. काय ठेवायचे आणि काय पुसायचे, ते तिने सांगावे. ती ठेवू देईल ते निवेदन लघुप्रबंधाच्या परिशिष्टात अखंड यावे. परीक्षक पृष्ठमर्यादेकडे बोट दाखवतील. मार्गदर्शकाने तेथे भांडावे, आणि आजीने सगळेच पुसायला सांगितले तर तक्त्यातल्या तेवढ्या खुणा वजा करून विद्यार्थ्याला गुण द्यावेत.