दोन्हीकडचं एकटीला ठाऊक

स्वतःच्या कामाचं माप स्वतःच काढायचं म्हटलं की माणूस दोन टोकांना जातो. कुणी स्वतःला पाठीशी घालतो, कुणी उगाच बोल लावत बसतो. माझी भाची भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी होण्यासाठी मुंबईत पदविका करते आहे. चैत्री यात्रेला ती येरमाळ्याला माझ्याकडे आली, ती हाच पेच घेऊन. यात्रेत लाउडस्पीकरवरून होते तशी एक सूचना तिनं लिहिली, मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि ती ऐकता ऐकता हातांनी सांगतानाचा व्हिडिओ काढला. त्या व्हिडिओचं मूल्यमापन तिचं तिनंच लिहायचं होतं. मी उभा जन्म पोरांचे पेपर तपासण्यात घालवला, म्हणून तिनं मला गाठलं. आमचं बोलणं झालं ते असं.

भाची : मामा, स्वतःला कमी गुण दिले तर तो खोटा विनय होतो, जास्त दिले तर फुशारकी. मग द्यायचे किती?

मामा : गुणांचं मागाहून बघू. सूचना काय होती तुझी?

भाची : 'पालखी डोंगरावरच्या देवळातून निघाली आहे, ती आमराईत जाईल. यात्रेच्या रिवाजाप्रमाणे चुनखडी वेचताना लहान मुलांचा हात सोडू नका. एखादं मूल एकटं सापडलं तर त्याला आमराईतल्या मांडवात आणा.' व्हिडिओ मी दोनदा पाहिला, मला सगळं स्वच्छ वाटलं. मग माझ्या कर्णबधिर मैत्रिणीला दाखवला आणि काय कळलं ते विचारलं. ती म्हणाली, सापडलेलं मूल वर देवळात न्यायचं.

मामा : देवळात? एवढ्या गर्दीत डोंगर चढून? हे आलं कुठून?

भाची : माझ्याच हातातून. या भाषेत जागेलाही अर्थ असतो. देऊळ मी उजव्या बाजूला दाखवलं, आमराई डाव्या. एकदा तसं मांडलं की पुढं त्या बाजूला नुसता हात केला तरी बघणारा तेच ठिकाण धरतो. शेवटच्या वाक्यात 'तिथं आणा' म्हणताना माझा हात उजवीकडे गेला. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात 2021मध्येच 10,000 शब्द होते. त्यातल्या संकेतांशी ताडून बघितलं तर माझा एकही संकेत चुकलेला नाही. तरी मूल भलतीकडे गेलं.

मामा : आणि तुला ते दिसलं नाही, कारण मांडव कुठं आहे ते तुला आधीच ठाऊक होतं. पोरं स्वतःचा निबंध तपासतात तेव्हा असंच होतं. गाळलेला शब्द त्यांचा डोळाच भरून काढतो. मग आता अडलंय कुठं? ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांनीच ते तपासावं. तुझ्या मूल्यमापनाची गरजच काय?

भाची : मलाही आधी तसंच वाटलं होतं. 10 डिसेंबर 2013ला जोहान्सबर्गला नेल्सन मंडेलांची शोकसभा झाली. ओबामांच्या शेजारी उभा राहून एक दुभाषी सगळ्या जगासमोर हातवारे करत होता. ऐकणाऱ्यांना कसली शंका आली नाही. त्या हातवाऱ्यांना काही अर्थ नाही, हे ओळखलं ते कर्णबधिर लोकांनी, बघताक्षणी.

मामा : मग माझंच म्हणणं खरं ठरलं की.

भाची : अर्धंच. तो निरर्थक हातवारे करत होता, म्हणून सापडला. समजा, तो चांगला तयारीचा असता आणि भाषणातलं एक वाक्य त्यानं सफाईनं गाळलं असतं, तर? बघणाऱ्याला सलग, नीटस भाषण दिसलं असतं. त्यातून काय गेलं, ते कळणार कसं? मी 'हात सोडू नका' हे वाक्यच वगळलं असतं, तर माझ्या मैत्रिणीनं बाकीची सूचना अचूक सांगितली असती आणि मी पास झाले असते.

मामा : म्हणजे ऐकणाऱ्याला हात कळत नाहीत आणि बघणाऱ्यापर्यंत आवाज पोचत नाही. दोन्हीकडचं ठाऊक ते एकट्या दुभाष्याला. आणि आपलं चुकलेलं आपल्याला दिसत नाही, तेही त्यालाच. अवघड आहे गं.

भाची : प्रत्यक्ष कामाच्या वेळी तर तपासायला मैत्रीणही नसते. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर, पेशंट आणि मी.

मामा : कोर्टात काय करतात?

भाची : साक्षीदाराला बोलता येत नसेल, तर दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या साक्षीचं चित्रीकरण करायचं, अशी दुरुस्ती 2013मध्ये तेव्हाच्या पुरावा कायद्यात झाली.

मामा : चित्रीकरण आहे म्हणजे दुसऱ्या जाणकाराला ते नंतर तपासता येतं. नुसत्या दुभाष्याच्या शब्दावर सगळं सोडलेलं नाही, हे चांगलं केलं. मग तूही तेच कर. तुझ्या व्हिडिओत तुझं तुला काय तपासता येतं आणि काय येत नाही, हे आधी वेगळं काढ.

भाची : काय गाळलं, ते मला सांगता येतं. एका कानाला मूळ आवाज लावून व्हिडिओ थांबवत थांबवत बघितलं की सापडतं. ते जाणूनबुजून गाळलं की निसटलं, हे तर माझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. जेमिना नेपिअर यांनी दुभाष्यांच्या गाळण्याचाच अभ्यास केला. वक्ता तेच ते पुन्हा बोलत असेल तर दुभाषी काही भाग समजून उमजून सोडतो, आणि ती चूक नसून कौशल्य असू शकतं, असं त्यांनी दाखवलं. बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

मामा : म्हणजे हेतूची साक्ष तुझी. आणखी?

भाची : मी किती मागं चालते, तेही मोजता येतं. वाक्य कानावर पडल्यापासून हात उचलेपर्यंत किती वेळ जातो, ते. डेनिस कोकली यांनी 1986मध्ये दाखवलं, की जे दुभाषी थोडं थांबून, अर्थ पुरता हाती आल्यावर सुरुवात करतात, त्यांच्या चुका कमी होतात. मी घाईची आहे. वाक्य संपायच्या आत माझे हात सुरू होतात.

मामा : आणि काय तपासता येत नाही?

भाची : समोरच्याला काय कळलं, ते. ते त्यानंच सांगायचं.

मामा : पण माणसं भिडेखातर 'छान झालं' म्हणतात. मैत्रीण तर म्हणणारच.

भाची : म्हणून 'कसं झालं' असं विचारायचंच नाही. 'काय कळलं ते मला सांग' म्हणायचं. ती भीड राखून चांगलं म्हणू शकते, पण सूचना कळली नसेल तर मुलाला बरोबर मांडवात नेऊ शकत नाही.

मामा : हे पटलं. तरी एक बोचतं. तुझं शिक्षण पुरं व्हावं म्हणून त्या पोरीनं किती वेळा बसून बघायचं? तिला तिची कामं नाहीत?

भाची : आहेत ना. म्हणून आधी माझं मी तपासायचं. गाळलेलं, निसटलेलं, घाईनं झालेलं, सगळं स्वतः शोधून काढायचं आणि जिथं माझी नजर पोचत नाही तेवढंच तिच्यापुढं ठेवायचं. तिच्या वेळेचा मोबदलाही द्यायला हवा; शिकवणाऱ्याला आपण देतोच की. न तपासलेला व्हिडिओ तिच्यापुढं टाकणं म्हणजे माझा आळस तिच्या गळ्यात घालणं झालं.

मामा : मग गुणांचं काय ते ठरलं म्हणायचं.

भाची : हो. मजकूर किती पोचवला, काय सोडलं, का सोडलं, एवढ्याचेच गुण मी द्यायचे. कळलं किती, त्याचे तिच्याकडून घ्यायचे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे, सरासरी काढायची नाही. त्या दोन आकड्यांत अंतर पडलं तर तिथंच माझा पुढचा अभ्यास.

मामा : वहीत हे शोभतं गं. पण खरी परीक्षा दवाखान्यात आहे. डॉक्टर बोलतायत, तुझे हात चाललेत, आणि मध्येच तुला वाटतं की मघाशी गोळ्यांचं काहीतरी चुकलं. खात्री नाही, नुसती शंका आहे. थांबलीस तर डॉक्टर म्हणतील, हिला येत नाही. नाही थांबलीस तर कुणालाच काही कळणार नाही. काय करशील?

भाची : थांबायलाच पाहिजे.

मामा : हे इथं ओसरीवर म्हणायला सोपं आहे.

भाची : सोपं नाही, म्हणून तर रोज व्हिडिओपुढं बसायचं. व्हिडिओ बघताना 'इथं मला खात्री नाही' असं स्वतःशीसुद्धा म्हणवत नसेल, तर डॉक्टरांपुढं काय म्हणणार? कुणी बघत नसताना हे म्हणायची सवय लागली, तरच सगळे बघत असताना ते तोंडातून निघेल.

मामा : आणि डॉक्टरांचा विश्वास उडाला तर?

भाची : एकदा उडेल. पण मला शंका आली की मी बोलते, हे कळल्यावर मी गप्प असताना ते निर्धास्त राहू शकतील. पेशंटलाही तेवढाच भरवसा हवा असतो. गोळी सकाळची की रात्रीची, हे तो माझ्या हातांवरून ठरवणार. मी न चुकणारी आहे असं वचन मला त्याला देता येत नाही. चूक माझ्या लक्षात आली तर ती मी त्याच्यापासून लपवणार नाही, हे मात्र देता येतं.