कडेला उभे राहणाऱ्याचे काम काय?



मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची धाव. क्रिकेटचा सामना एका जागी बसून पाहता येतो. मॅरेथॉनमध्ये आपला माणूस समोरून जातो तो काही क्षणांपुरता, आणि त्या क्षणांसाठी तास-दोन तास रस्त्याच्या कडेला ताटकळावे लागते. तरीही मुंबईत २००४ साली आणि वसई-विरारमध्ये २०११ साली मोठ्या मॅरेथॉन सुरू झाल्या, तेव्हापासून धावणाऱ्यांची घरची माणसे भल्या पहाटे रस्त्यावर येऊन उभी राहू लागली. कोणी पाणी घेऊन, कोणी संत्र्याच्या फोडी घेऊन, तर कोणी नुसत्या टाळ्या वाजवायला.

माझे मूळ गाव वसईकडचे. एका डिसेंबरमध्ये माझा भाचा २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये धावत होता आणि आम्ही सारे कडेला उभे होतो. वाट पाहून कंटाळलेले भावोजी मला म्हणाले, "फादर, पाय त्याचे, दम त्याचा. आपण ओरडून त्याचे एक पाऊल तरी कमी होणार आहे का?" ताई म्हणाली, "मग तुम्ही जा घरी!" भावोजी काही घरी गेले नाहीत. पण त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. दुसऱ्याचे कष्ट आपल्याला खरोखर वाटून घेता येतात का? येत नसतील, तर त्याच्याजवळ उभे राहण्याला अर्थ काय?

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ह्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, आणि वरवर पाहता ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दुसऱ्या वचनात तो आपल्याला एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकाला स्वतःचा भार स्वतःच वाहावा लागेल. पौल तीन ओळींत आपले म्हणणे विसरला काय? नाही. मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे दडपून टाकणारे जड ओझे. दुसरा 'फोर्तिऑन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार. जीवनात दोन्ही असतात. काही ओझ्यांना दुसऱ्याचा खांदा लागतो, आणि काही भार दुसऱ्याला देताच येत नाही.

आपल्या भागात हे समजावून सांगण्याची गरज नाही. सातपुड्यातील ज्या पाड्यांपर्यंत गाडी पोहोचत नाही, तेथून आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली रस्त्यावर आणतात. वर्तमानपत्रांनी तिला 'बांबूलन्स' असे नाव दिले आहे. त्या पाड्यांना रस्ता मिळणे हा त्यांचा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. पण झोळीकडे पाहा. बांबू खांद्यावर घेणारे दमले की खांदे बदलतात. झोळीतल्या बाईच्या पोटातली कळ मात्र कोणालाही बदलून घेता येत नाही. झोळी सर्वांची, कळ तिची एकटीची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ह्यातून पहिला धडा निघतो: दुसऱ्याची धाव आपण धावू नये. १९०८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या आधी मैदानात पोहोचला. पण तो इतका थकला होता की पुन्हा पुन्हा कोसळू लागला. अधिकाऱ्यांना त्याची दया आली. त्यांनी त्याला उठवले, आधार देऊन शेवटच्या रेषेपार नेले, आणि नेमक्या त्याच मदतीमुळे तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला एक चषक देऊन त्याचे सांत्वन केले. मदत करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण जे त्याचे होते तेच त्यांनी काढून घेतले. दहावी-बारावीच्या परीक्षेत भिंतीवर चढून कॉपी पुरवणारे नातेवाईक ह्याच जातीचे. त्यांचे प्रेम खोटे नसते. पण त्या प्रेमाने मूल मोठे होत नाही. परमेश्वरही असे करत नाही. संत ऑगस्टीनने एका प्रवचनात सांगितले आहे की ज्याने आपल्याला न विचारता निर्माण केले, तो आपल्या होकाराशिवाय आपले तारण करणार नाही. देवाची कृपा आपल्याला बळ देते, आपले पाय कापून घेत नाही.

दुसरा धडा ह्याच्या उलट आहे: 'त्याचे तो पाहून घेईल' असे म्हणून घरीही जाऊ नये. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंडच्या मांडीचा स्नायू फाटला. शर्यत संपलेलीच होती, तरी तो लंगडत पुढे निघाला. तेव्हा त्याचे वडील जिम प्रेक्षकांतून उतरले, रखवालदारांना चुकवून त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला खांदा दिला. पिएत्रीला मदत करणाऱ्यांनी विजय मिळवून देण्याचा प्रयत्न केला होता. ह्या पित्याने तसे काहीच केले नाही. शर्यत मुलाच्या हातून गेली होती, पण त्या अपयशात त्याने मुलाला एकटे सोडले नाही.

तिसरा धडा आहे जागेचा. उभे कुठे राहायचे? सुरुवातीला गर्दी असते, शेवटी गर्दी असते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावणाऱ्यांना शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो. पाय जड झालेले असतात आणि रेषा अजून दूर असते. खरी हाक लागते ती तिथे.

हे आपल्या घरांना लावून पाहा. एखाद्याने दारू सोडली की पहिल्या दिवशी सारे पाठ थोपटतात. वर्षभराने पुन्हा सारे कौतुक करतील. पण विसाव्या दिवशी संध्याकाळी, जुने सोबती बोलवायला येतात आणि हात थरथरतो, तेव्हा त्याच्याबरोबर चहा प्यायला कोण बसते? तो चढ आहे. तो त्यालाच चढायचा आहे. पण तिथे कोणी असणे आणि कोणी नसणे ह्यांत फार मोठे अंतर आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साथ देणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. ज्या भगिनीला घरात मारहाण होते, तिने आधी स्वतःला आणि लेकरांना वाचवावे. अशा वेळी तिच्याजवळ उभे राहणे हे आपले सर्वांचे काम आहे.

दिवाळीनंतर आपल्यापैकी कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात. मुले आजीजवळ किंवा आश्रमशाळेत राहतात. आई-बाप मुलाचा अभ्यास करू शकत नाहीत. कित्येक आजींना अक्षरही वाचता येत नाही. पण कंदिलाजवळ किंवा बल्बखाली नातू पुस्तक घेऊन बसतो, तेव्हा ती न झोपता शेजारी बसून राहते. तिने काय केले? काहीच केले नाही असे म्हणणाऱ्याने त्या नातवाला विचारावे.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ही धाव मैदानाच्या २५ फेऱ्यांची. प्रशिक्षक एकही फेरी तिच्यासाठी धावू शकत नाही. पण वर्षानुवर्षे सरावाच्या वेळी कडेला उभा असलेला माणूस त्या प्रत्येक फेरीत असतो.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला आहे: दुसऱ्याच्या तारणाची आशा मला करता येते का? त्यांचे उत्तर असे की आशा ही मुळात ज्याची त्याची असते. पण प्रीती दोघांना जोडते, तेव्हा दुसरा हा जणू मीच होतो आणि मग त्याच्यासाठीही मी आशा करू शकतो. भावोजींच्या प्रश्नाला माझ्या मते हेच उत्तर आहे. आपल्या ओरडण्याने पाऊल कमी होत नाही. पण धावणाऱ्याची आशा संपते तेव्हा कडेला उभा असलेला त्याच्यासाठी आशा धरून ठेवतो. एकमेकांसाठी केलेली आपली प्रार्थना ह्याच प्रीतीतून उगवते.

म्हणूनच इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्या धावेच्या सभोवती साक्षीदारांचा मेघ आहे असे सांगितले आहे. ते नुसते प्रेक्षक नाहीत. ते स्वतः ही वाट धावून गेलेले आहेत. आणि संत योहानच्या शुभवर्तमानात कृसाजवळ मरियामाता उभी होती एवढेच सांगितले आहे. तिला एकही खिळा काढता आला नाही. शिष्यांपैकी बहुतेक पळाले होते, ती उभी होती. प्रभूने तिला तेथून जायला सांगितले नाही.

ह्या आठवड्यात एक करू या. आपल्या ओळखीचे कोण सध्या चढावर आहे, हे आठवू या. अभ्यासात मागे पडलेले मूल, दवाखान्याच्या फेऱ्या मारणारा शेजारी, व्यसनाशी झुंजणारा भाऊ. त्याला उपदेश नको. त्याच्या घरी जाऊन थोडा वेळ बसू या, आणि निघताना त्याचे नाव घेऊन प्रार्थना करू या.

तुमचा,
फादर