पाहण्यासारखे

"तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" परगावी गेलेला पाहुणा हातपाय धुऊन होताच हा प्रश्न विचारतो, आणि यजमानही तो गावाच्या अब्रूचा प्रश्न समजून एखादे देऊळ, एखादा पडका वाडा, तेही नसेल तर निदान एखादी टेकडी पुढे करतो. प्रश्न साधा आहे. परंतु गेल्या नाताळच्या सुटीत तो मी स्वतः विचारला आणि त्यास जे उत्तर मिळाले, त्यामुळे पाहणे ह्या निरुपद्रवी वाटणाऱ्या क्रियेतही नीतीचा काही प्रश्न दडलेला असतो की काय, ह्याचा विचार माझ्या मनातून जाईनासा झाला आहे.

'प्रेक्षणीय' हा शब्द वंदनीय, पूजनीय, दंडनीय ह्यांच्याच पंक्तीतला. त्यातील प्रत्ययात योग्यता आणि कर्तव्य असे दोन्ही अर्थ नांदतात. वंदनीयास वंदन करणे हे वंदन करणाऱ्याचे कर्तव्य. प्रेक्षणीय स्थळाच्या बाबतीत मात्र हे कर्तव्य उलटे फिरून स्थळाच्याच माथी बसले आहे. त्याने आम्हांस रिझवावे, आणि न रिझवील तर 'विशेष काही नाही' असा शेरा घेऊन मुकाट बसावे!

राहू हे दौंड तालुक्यातले गाव. भीमा आणि मुळामुठा ह्या दोन नद्यांमधल्या ह्या काळ्याभोर पट्ट्यास राहू बेट म्हणतात. ऊस उदंड, आणि हिवाळ्यात गुऱ्हाळांच्या धुराचा गोडसर वास सर्वत्र भरलेला. माझ्या पत्नीचे मामा तेथे शेती करतात. त्यांच्याकडे आम्ही तीन दिवस राहिलो, म्हणजे खरे पाहता रात्री फक्त निजावयास आलो; कारण पहिल्या दोन दिवसांत मोटारीने थेऊर, भुलेश्वर, निघोज आणि तुळापूर अशी चार ठिकाणे आम्ही उरकली. 'उरकली' हाच शब्द खरा. पुराणातल्या राहूस धड नाही, नुसते शिर आहे. तो सूर्यचंद्र गिळतो खरा, पण गिळलेले गळ्यातून लगेच बाहेर पडते, अंगी काहीच लागत नाही. त्या गावी मुक्काम करून आम्ही त्याचाच कित्ता गिरवीत होतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

चारांपैकी निघोजचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. कुकडीच्या अलीकडे शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज, आणि मध्ये पात्रातल्या काळ्या खडकात कोरलेले ते विलक्षण रांजणखळगे. पुराबरोबर आलेला एखादा गोटा खडकाच्या खोबणीत अडकतो, भोवऱ्याबरोबर गरगर फिरत खडकास झिजवतो, आणि झिजवता झिजवता स्वतःही नाहीसा होतो; पुढल्या पुरात त्याची जागा दुसरा घेतो. हजारो वर्षे हे काम चालले. माझी दहा वर्षांची कन्या एका खळग्याच्या काठाशी पालथी पडून, आतल्या पाण्यात उरलेले गोटे मोजीत अर्धा तास हलली नाही. त्या अर्ध्या तासाविरुद्ध बोलणारा मनुष्य मला शुष्क वाटेल. भुलेश्वरी, यवतजवळच्या त्या टेकडीवर, भग्न मूर्तींत स्त्रीरूप गणेश शोधण्यात वेळ गेला. तुळापुरास पोहोचेतो ऊन उतरले होते.

थेऊरची गोष्ट वेगळी. चिंतामणीचे दर्शन घेऊन आम्ही थोरल्या माधवरावांच्या स्मृतीने पुनीत झालेल्या नदीकाठाकडे गेलो. 18 नोव्हेंबर 1772 रोजी हा कर्ता पुरुष येथे क्षयाने गेला. वय अवघे सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. हे मी मुलीस सांगितले. तिने विचारले, "त्यांना भीती वाटली नसेल का?" मी काहीतरी उत्तर दिले आणि शिदोरीचा डबा उघडला. मृत्यूच्या जागी दशम्या खाव्यात की नाही, हा प्रश्न मी येथे काढीत नाही. भूक काही पाप नव्हे. मला बोचते ते निराळेच. बसावयाची जागा निवडताना आम्ही सर्वांनी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, वाऱ्याची दिशा पाहिली होती. नदीला वास येत होता. तो येऊ नये अशा बेताने आम्ही बसलो, आणि मग पेशवाईवर बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मामांस तो ठरलेला प्रश्न केला. ते हसून म्हणाले, "जावईबापू, आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही. एक नदी आहे. पण ती तुमचीच."

'तुमचीच' ह्या शब्दात कडवटपणा असता तर मला बरे वाटले असते. त्यावर उत्तर तरी देता आले असते. ते केवळ वस्तुस्थिती सांगत होते. 1879 साली पुऱ्या झालेल्या खडकवासल्याच्या धरणावर आम्ही पुणेकर रविवारी मक्याची कणसे खावयास जातो. तेथले पाणी पितो. तेच पाणी वापरून झाल्यावर, काही शुद्ध केलेले आणि काही न केलेले, मुळामुठेत सोडतो. थेऊरवरून ती राहूकडे येते. म्हणजे आपल्या वरच्या अंगाची नदी आम्ही प्रेक्षणीय मानली आणि खालच्या अंगाची मामांच्या हवाली केली!

मीच हट्ट धरला म्हणून ते आम्हांस संगमावर घेऊन गेले. ह्या तीरास दौंड तालुक्यातले वाळकी, पलीकडे शिरूर तालुक्यातले रांजणगाव सांडस. तुळापुरास आदल्या दिवशी पाहिलेली भीमा येथे येते आणि मुळामुठा तिला मिळते. मुळामुठेच्या अंगास जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरला होता, आणि मुलीस तो प्रथमदर्शनी सुंदर वाटला. मामा म्हणाले, "ह्याच पाण्यात मी पोहायला शिकलो. नातवंडांना आम्ही काठाशीसुद्धा येऊ देत नाही." आणखी ते काही बोलले नाहीत. हीच नदी पुढे उजनीच्या जलाशयात पसरते. तेथे भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते पाहावयास पुण्याहून मोटारी जातात. त्याही पुढे पंढरपुरास वारकरी तिला चंद्रभागा म्हणून मस्तकी लावतात.

आता ह्यात पाहणाऱ्याचा दोष कोणता? माझे एक तत्त्वज्ञ स्नेही म्हणतात, काहीच नाही. पाहणे म्हणजेच अलिप्तता. सांख्यांचा पुरुष असाच उदासीन साक्षी आहे. प्रकृती नर्तकीप्रमाणे आपले रूप दाखविते आणि दाखवून झाले की निवृत्त होते. साहित्यशास्त्रज्ञही म्हणतील की, रंगभूमीवरचे दुःख माझे वा तुझे नसते म्हणूनच त्याचा रस होतो. थेऊरचा शोक दोन-अडीच शतकांच्या अंतरावरून आपण चाखतो तो ह्याच न्यायाने. युक्तिवाद चोख आहे. परंतु सांख्यांचा पुरुष सांडपाणी सोडीत नाही. ज्या दृश्याच्या घडणीत आपला हात आहे, त्याच्यासमोर साक्षीची भूमिका घेणे हे वैराग्य नव्हे. वैराग्याच्या वस्त्राखाली लपणे आहे. शिवाय स्थळ म्हणजे रंगभूमी नव्हे. आपण निघून आल्यावर तेथे पडदा पडत नाही. मामा तेथेच राहतात.

ह्यावर दुसरा आक्षेप येईल आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. आठवडाभर राबलेल्या माणसाने सुटीच्या दिवशी चार रम्य ठिकाणे पाहिली, तर त्याच्या डोक्यावर नदीचे ओझे कशास? खळग्यावर ओणवलेल्या मुलीस त्या क्षणी सांडपाण्याची हकीकत सांगणे हा क्रूरपणाच झाला असता. हे मला मान्य आहे. आनंदास हिशेब विचारणारी नीती फार काळ टिकत नाही, टिकू नये. पण माझी तक्रार आनंदाविषयी नाहीच. थेऊरला आम्ही वाऱ्याची दिशा पाहून बसलो, तेव्हा आनंद मिळवीत नव्हतो. जे नाकास कळले होते ते मनास कळू नये अशी व्यवस्था करीत होतो. सुंदर ते पाहणे निराळे आणि सुंदर तेवढेच पाहण्याचा सराव करणे निराळे. दुसऱ्या प्रकारात डोळ्यास जे वळण लागते ते सहलीपुरते राहत नाही. घरी परतल्यावर मोलकरणीच्या हातावरचे चिरे न दिसणे, शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला ऐकू न येणे, ही त्याच शिक्षणाची पुढली इयत्ता होय.

मामांचीही बाजू सर्वस्वी निर्मळ आहे असे मी म्हणत नाही. निघोज त्यांनी प्रथम पाहिले ते आमच्यामुळे, वयाच्या सत्तराव्या वर्षी. आणि वाटेत पाण्याची रिकामी बाटली मोटारीच्या खिडकीतून त्यांनीच भिरकावली. ज्या पाण्याकाठी नातवंडांस मज्जाव, त्याच नद्यांच्या पाण्यावर त्या पट्ट्यातला ऊस उभा आहे. निघताना त्यांनी गुळाची एक ढेप बांधून दिली. ती आम्ही आवडीने खात आहोत. ह्या साऱ्याची संगती कशी लावावी, ते मला अजून उमगलेले नाही.

शाळेने सुटीत भरून आणण्यास एक वही दिली होती. तीत 'पाहिलेली प्रेक्षणीय स्थळे' अशा मथळ्याखाली नाव आणि वैशिष्ट्य असे दोन रकाने होते. थेऊर, भुलेश्वर, निघोज, तुळापूर ही चार नावे मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिली, वैशिष्ट्येही भरली. मग मला न विचारता पाचव्या ओळीत लिहिले, 'राहू – आपली नदी'. पुढच्या रकान्यात काय लिहावे म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटले, "आजोबांना दूरध्वनी करून विचार."

"त्यांना कशाला?" ती म्हणाली. "नदी तर तुमची आहे ना?"