मोडलेला संसार आणि मोडके देऊळ

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकाच्या हाती हार, नारळ व तुळशीपत्र असते. त्याच्या मनात काय असते, ते गाभाऱ्यातील मूर्तीवाचून कोणास दिसत नाही. कोणाचे उभे पीक वाळलेले असते, कोणाच्या दुकानावर कर्ज चढलेले असते, कोणाची नोकरी सुटलेली असते, तर कोणाचे वडील अंथरुणाला खिळलेले असतात. तासन्‌तास रांगेत उभे राहिल्यावर क्षणभर दर्शन घडते आणि मन हलके होते. परंतु घरी परतावे, तो बँकेची नोटीस होती तेथेच असते. अशा वेळी श्रद्धावान मनुष्यही विचारू लागतो, की आपल्या भक्तीत काही उणे राहिले काय?

हा प्रश्न ज्यांना छळतो, त्यांनी जगद्‌गुरू श्रीसंत तुकाराम महाराजांच्या पूर्वायुष्याकडे पाहावे. महाराजांच्या घराण्यात विठ्ठलभक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. देहूच्या बाजाराची महाजनकी, दुकानदारी, सावकारी असे सारे वैभव होते. आईवडील गेले, वडील बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघून गेले आणि प्रपंचाचा भार कोवळ्या वयाच्या तुकोबांवर पडला. त्यातच इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, गावातील मान गेला. प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. पुत्र संतूही गेला. जन्म इ.स. १६०८ चा मानल्यास महाराजांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. भक्ताच्या घरी संकट येत नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे चरित्र वाचले तरी पुरे.

महाराजांनी हे दुःख लपविले नाही. पत्नी अन्न मागता मागता गेली, आपणास लाज वाटली, दुःखाने त्रासलो, हे त्यांनी स्वतःच्या अभंगात उघडपणे सांगितले आहे. पुढे एका अभंगात, दिवाळे निघाले ते बरेच झाले, असेही ते देवास म्हणतात. मात्र हे उद्गार त्यांच्याच मुखी शोभतात. नुकतेच घर बुडालेल्या माणसास शेजाऱ्याने ते ऐकवावेत, अथवा हे तुझ्या पूर्वकर्माचे फळ म्हणावे, हे केवळ क्रौर्य होय.

परंपरा सांगते, की महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन एकांतात बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत तेथे पोहोचले. त्यानंतर इंद्रायणीच्या काठी महाराजांनी घरातील खतपत्रे मागविली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची ती खते होती, आणि बुडालेल्या सावकारास पुन्हा उभे राहण्याची तेवढीच आशा उरली होती. महाराजांनी त्यांचे दोन वाटे केले. निम्मी खते कान्होबांस दिली, कारण त्यांस संसार चालवावयाचा होता. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने जे स्वतःच पोळले होते, त्या ऋणकोंच्या डोक्यावरचे ओझे त्या दिवशी उतरले. आपले वैराग्य त्यांनी भावावर लादले नाही, हेही येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

नंतर दृष्टी गेली ती देवळाकडे. पूर्वज विश्वंभरबाबांच्या काळापासूनचे विठ्ठलाचे देऊळ भंगले होते. संसार मोडला तो सावरणे हाती नव्हते. देऊळ मोडले होते, तेथे माती कालविणे, दगड रचणे, भिंत उभारणे हाती होते. महाराजांनी तेच केले. देह कष्टविला, जमेल तसा परोपकार केला. एकादशीला कीर्तन आरंभिले, तेव्हाही आपले चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली ते देतात. म्हणून प्रथम संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्यांचे अभंग आज घरोघरी गाइले जातात, त्यांनी दुःखाच्या दिवसांत दुसऱ्याच्या गाण्याला मागून साथ दिली!

या कथेत जिजाबाईंचे स्मरण अवश्य करावे. कीर्तनात त्यांच्या तापट बोलण्यावर श्रोते हसतात. पण महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर असता भाकरी घेऊन तो चढ चढणारी तीच माउली होती. घरातील एकजण खचतो, तेव्हा चूल पेटती ठेवणाऱ्याचा ताण कोणी मोजीत नाही. श्रींपुढे हात जोडताना आपल्या घरी अशी कोण व्यक्ती आहे, तिला दोन शब्द विचारले गेले काय, हेही भाविकाने आठवावे. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर घरच्यांना सांगावे व डॉक्टरांकडे जावे. ज्वर आला असता औषध घेताना कोणाची श्रद्धा कमी होत नाही; मनाच्या आजाराचेही तसेच आहे.

दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीस महाराजांची पालखी देहूहून पंढरीकडे प्रस्थान ठेवते. महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये सुरू केलेला हा सोहळा आहे. दिंडीत पेरणी करून आलेला शेतकरी असतो, पाऊस न झाल्याने पेरणी राहिलेलाही असतो. सर्वांनाच सारे अभंग पाठ नसतात. टाळकरी चरण उचलतात आणि मागून चालणारे ध्रुपद धरतात. पाऊल पुढे पडत राहते, आणि सायंकाळी मुक्कामाचे गाव येते.