पुनर्दंशाचा शब्द

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ (१९२२) या कादंबरीत स्टीफन डीडॅलसच्या मनात ‘अगेनबाइट ऑफ इनविट’ हा शब्दबंध पुनःपुन्हा उमटतो. ‘सदसद्विवेकबुद्धीची टोचणी’ असा त्याचा अर्थ देऊन टीपाकार पुढे जातात. अर्थ बरोबर आहे. परंतु एवढेच म्हणायचे तर स्टीफनला शतकानुशतके चलनाबाहेर असलेला शब्द का लागावा, हा प्रश्न उरतो. आणि तो केवळ शैलीचा नव्हे.

कँटरबरीच्या सेंट ऑगस्टीन मठातील डॅन मायकेल या भिक्षूने १३४० मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाचे हे शीर्षक. १२७९ मध्ये फ्रान्सच्या राजासाठी रचलेल्या पापपुण्यविषयक फ्रेंच ग्रंथाचा तो केंट प्रांताच्या बोलीतील अनुवाद होय. लॅटिन ‘रेमॉर्सस’मधील ‘पुन्हा’ आणि ‘चावा’ हे दोन्ही घटक शीर्षकात जसेच्या तसे इंग्रजीत उतरले आहेत. ‘कॉन्शिएन्शिया’साठी ‘इनविट’, म्हणजे आतली जाण, हा आधीच रूढ असलेला शब्द आहे. (लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये सर इनविट हा देहरूपी गडाचा किल्लेदार आहे, तेथे अर्थ टोचणीपेक्षा बुद्धीकडे झुकतो.) अनुवादक म्हणून मायकेल सामान्यच, शब्दास शब्द ठेवण्याच्या नादात तो वारंवार घसरतो. मात्र लॅटिन-फ्रेंच न जाणणाऱ्या आईबापांना, आप्तांना पापापासून राखावे, हा त्याचा हेतू स्पष्ट होता. ‘मन खाते’ हे मराठीत कोणीही म्हणू शकते; या शब्दालाही असाच घरगुतीपणा अभिप्रेत होता.

स्टीफनजवळ येईतो तो केवळ विद्वानाचा शब्द झालेला आहे. त्याचे उपयोग क्रमाने पाहावेत. पहिल्यांदा तो येतो तो स्टीफनच्या उक्ती टिपून घेऊ पाहणाऱ्या हेन्स या इंग्रजासमोर, अंग धुण्याच्या थट्टेतून. अपराध येथे आयर्लंडवर राज्य करणाऱ्यांचा आहे, आणि तो ओळखणे स्टीफनला जड जात नाही. ग्रंथालयात तो पुन्हा उद्भवतो तेव्हा अपराध स्वतःचा असतो. भुकेच्या वेळी उसना घेतलेला पौंड परत केलेला नाही, बराचसा वेश्येवर उधळला आहे. टोचणी लागते, आणि लगेच युक्तिवाद सुरू होतो: देहाचे कण बदलले, तेव्हा पौंड घेणारा ‘मी’ आज तोच कसा? हा युक्तिवाद त्याला स्वतःलाही पुरत नाही, हे खरे; पण पौंड परत जात नाही तो नाहीच.

येथे स्टीफनच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावयास हवी. मृत्युशय्येवरील आईची विनंती असूनही त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली नाही. चर्चची पापनिवेदनाची भाषा ज्याने नाकारली, त्याने अपराध कोणत्या शब्दांत स्वीकारावा? जुना शब्द त्याला पाद्र्यावाचूनचा दंश देतो. पण मायकेलचा ग्रंथ पापनिवेदनाच्याच परंपरेतला होता. तेथे दंशानंतर कबुली आणि परिमार्जन अपेक्षित होते. स्टीफनने दंश ठेवला, पुढचे गाळले. उरला तो अपराधाचा नेमका उच्चार, आणि एवढा नेमका उच्चार साधला की काही केल्यासारखे वाटू लागते. टीकाकार या शब्दाला स्टीफनच्या नैतिक संवेदनेचा पुरावा मानतात. त्याच्या दिरंगाईचाही तो तितकाच पुरावा आहे.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी बहीण डिली त्याला भेटते तेव्हा हे सर्वाधिक बोचते. तिने एका पेनीला फ्रेंचचे बालपुस्तक घेतले आहे. घरी उपासमार आहे. स्टीफनला त्याच सकाळी तीन पौंड बारा शिलिंग पगार मिळाला आहे. ती बुडते आहे असे त्याला दिसते, वाचवू गेल्यास आपणही बुडू असे भय वाटते, शब्द मनात येतो. पैसे खिशातच राहतात. त्याच दुपारी त्याच्या बहिणींनी त्याची पुस्तके सावकाराकडे गहाण टाकायला नेलेली असतात, आणि त्यांवर काहीही मिळालेले नसते.