चौकट साडेबाराची म्हणजे साडेबाराचीच

बायांनो, बसून घ्या. फोन पालथे ठेवा. आज मशिनवर कुणी बसायचं नाही, आज मला बोलायचंय. आणि हे शेजारणीबद्दल चाललंय असं जिला वाटेल, तिनं जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

गोधडीच्या चौकटींची अदलाबदल करायची हौस तुमची होती. मी सुचवलं नव्हतं. बारा जणींनी बारा-बारा चौकटी शिवायच्या, माझ्याकडे आणून द्यायच्या, मी त्या मिसळून प्रत्येकीला बारा हातांच्या बारा चौकटी परत द्यायच्या. तीन बाय चार जोडल्या की, शिवणी वजा जाऊन, छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंचांची लेकराची गोधडी होते. सोपं काम. कागदावर लिहून दिलं होतं: कापड सुती, धुतलेलं, चौकट शिवून झाल्यावर साडेबारा इंच, शिवण पाव इंच, आणि तुकोबांची पालखी बोरगावला मुक्कामाला यायच्या आत सगळी पाकिटं माझ्या टेबलावर. पाच ओळी होत्या. कारखान्याच्या ऊसबिलाची पावती तुम्ही चष्मा लावून तीनदा वाचता, पण या पाच ओळी एकीनंही धड वाचल्या नाहीत.

आधी मापाचं बोलू. माझ्यापुढे आलेल्या चौकटी मी एकावर एक रचल्या तर कडेला जिना तयार झाला. एक तेरा इंच, एक बारा, एक पावणेबारा. विचारलं तर उत्तर काय, "बाई, सूतभरच फरक आहे." सूतभर! मांडा हिशेब. साडेतीन इंचांचे चार तुकडे एका ओळीत, त्यांचे तीन जोड. पाव इंच शिवण घेतली की चौदातून दीड इंच जातो, उरतात साडेबारा. आता प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी एकेक सूत जास्त दाबा. एका जोडात पाव इंच गेला, तीन जोडांत पाऊण. तुमची साडेबाराची चौकट पावणेबाराची झाली, आणि ती ज्या बाईच्या वाट्याला आली तिला चारही बाजूंनी कापड ताणून बसवावं लागलं. ताणलेलं कापड पहिल्याच धुण्यात आकसतं आणि मधेच फुगवटा येतो. दोष मात्र तिच्या शिवणीला लागतो.

आपल्या मशिनचा प्रेशर फूट पाव इंचाचा असेलच असं नाही. सुईपासून पाव इंच मोजा, तिथं चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड त्या पट्टीला घासून चालवा. उरेब कापलेला तुकडा चौकटीच्या कडेला ठेवू नका, तो ताणतो. इस्त्री दाबायची असते, फिरवायची नसते. हे मी शिकवलंय. वहीत लिहिलंही असेल तुम्ही, पण वही कुठल्या कपाटात आहे ते देव जाणे.

आता कापड. सोलापूर जिल्ह्यात राहून आपल्याला कापड ओळखता येऊ नये, याची मला खरोखर लाज वाटते. ज्या सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी निघाली, ज्याच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या जिल्ह्यातल्या बायका टेरिकॉटला सुती म्हणून पाकिटात घालतात! कळत नसेल तर कडेचा एक दोरा ओढा आणि काडीला धरा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. दोन मिनिटांचं काम. ते न केल्यानं काय झालं, तर एकीनं मिळालेल्या चौकटीवर सुतीची म्हणून गरम इस्त्री ठेवली आणि कापड इस्त्रीला चिकटून वर आलं. एका पाकिटात तर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा होता. चादर चांगली असते, गोधडीच्या आत घालायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पातळ लुगड्याच्या शेजारी ते जाड जॅकार्ड शिवायचं म्हणजे सुई मोडायची. वरच्या पटात तिचं काम नाही.

जुन्या साडीबद्दल माझी तक्रार नाही, उलट गोधडी जुन्याचीच. आपल्या आज्या फाटक्या लुगड्याचा विरलेला भाग काढून दंड घालायच्या, आणि दंड घालूनही नेसवेना तेव्हा त्याचा धडपा वाकळीत जायचा. पण त्या कापड उजेडाकडे धरून बघायच्या. विरलं असेल तर ते आतल्या थरात, टिकाऊ असेल तर वर. साडीचा बसण्याचा भाग आधी विरतो, पदराकडचा आणि निऱ्यांच्या आतला टिकतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही मात्र बोहारीण ज्याच्यावर वाटीसुद्धा देणार नाही, ते कापून चौकटीत घातलंत. आणि कोरं कापड न धुता जुन्याला जोडलंत. जुनं पूर्वीच आटून बसलेलं असतं, कोरं पहिल्या पाण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं. लाल आणि गडद निळं तर पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघायचंच. फडकं रंगलं तर तो तुकडा अदलाबदलीत येणार नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून बाजारातल्या कापडाचा पक्का न झालेला रंग पक्का होत नाही, ती समजूत सोडा.

वासाबद्दलही बोलते, राग आला तर येऊ द्या. डांबरगोळ्या, धूप, तंबाखू. दुसऱ्याच्या घरी जाणारं कापड धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून जातं. तान्ह्या बाळाच्या अंगावर पडायचं आहे ते.

आता वेळ. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, आणि तिच्या कारखान्यानं आपलं श्रीपूर वसवलं म्हणायला हरकत नाही. आज पांडुरंग सहकारी कारखानाही इथंच आहे. पाळीच्या वेळेवर चालणाऱ्या अशा कारखान्याच्या गावात वेळ म्हणजे काय हे मी समजावून सांगायचं? पालखी बोरगावहून पुढं पिराची कुरोलीला गेली, वारकरी चंद्रभागेत न्हाले, गोपाळकाला होऊन परत फिरले, तरी तिघींची पाकिटं आली नव्हती. कारणं ऐकली मी सगळी. घरी पाहुणे, मुलाची परीक्षा, मशिनचा पट्टा तुटला. अडचण येते, मान्य. अडचण आली की त्याच दिवशी फोन करायचा. तुम्ही काय केलंत? फोन उचलायचा बंद केलात. पहिला हप्ता उचलून भिशी बुडवणारी बाई आणि दुसऱ्यांच्या चौकटी घेऊन आपल्या न देणारी बाई, यांत मला फरक दिसत नाही.

मग त्या राहिलेल्या चौकटी कुणी शिवल्या? आपल्यातल्याच दोघींनी. नावं घेत नाही, त्यांना आवडणार नाही. स्वतःच्या बारा देऊन झाल्यावर त्यांनी घरातलं कापड काढून तुमच्या वाट्याच्या शिवल्या, कारण पुण्याला राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीला अपुरं पाकीट जाऊ नये. तुम्हांला हे आज कळतंय. त्यांना निदान कापड तरी परत द्या.

आणि टपाल. बाहेरगावच्या जिनं परतीचं टपाल भरलं नाही, तिचं पाकीट कुणी भरून पाठवायचं, मी? दोऱ्याच्या रिळापासून पाकिटापर्यंत सगळं माझ्या कपाटातून जातंय. कुणी एक रीळ तरी आणून ठेवलं?

इथवर जे बोलले ते हाताच्या चुकांबद्दल, त्या सुधारतात. मला खरा राग आला तो नंतर. चौकटी वाटून झाल्या आणि बायका भिंतीशी घोळक्यानं उभ्या राहून मोजायला लागल्या. "मी इतकं बारीक काम करून दिलं, मला हे काय मिळालं!" "हिचा टाका बघा, कुत्र्याच्या शेपटासारखा वाकडा." आणि ज्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा चौकट शिवली होती, ती तिथंच उभी होती. तिनं ऐकलं. तिची चौकट मी मोजली आहे. साडेबारा इंच, कोपऱ्यांसकट. वाकडा टाका होता, माप चुकलं नव्हतं. बारीक कामाचा तोरा मिरवणाऱ्या बाईंची चौकट बाराच भरली, हेही सांगून टाकते.

अदलाबदलीत उतरलात तर एक धरून चाला: दिलंत त्याच तोलाचं परत येणार नाही. कधी चांगलं येईल, बऱ्याचदा उणं येईल. तुम्ही आंबा रंग मागितला असेल आणि कुणाच्या डोळ्याला तो हळदीसारखा दिसला असेल. जिला हे सोसवत नाही तिनं आपल्या घरी, आपल्या कापडाची, एकटीची गोधडी शिवावी. त्यात काही कमीपणा नाही. मी स्वतः बहुतेक गोधड्या एकटीनंच शिवल्या आहेत, मला दुसऱ्याचं वाकडं फार वेळ बघवत नाही. पण बारा जणींत बसायचं तर बारा हात दिसणारच, ते दिसावेत म्हणून तर हा खटाटोप.

आपल्या शेजारी, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. तीही जुन्या कापडाची, धावदोऱ्याचीच. कडेपासून सुरू करून फेऱ्या घालत मध्यावर येतात. ठिगळं लहानमोठी, रंग हाताला येतील ते, सरळ रेघ शोधून सापडणार नाही. पण चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुला', म्हणजे फुलं, लावल्याशिवाय त्यांच्या लेखी कवंदी पुरी होत नाही. रंगाला, टाक्याला मोकळीक आणि ठरलेल्या गोष्टीत सूट नाही. तुम्ही नेमकं उलटं केलंत. ठरलेल्या मापात सूट घेतलीत आणि दुसरीच्या टाक्याला मोकळीक दिली नाहीत.

आणखी एक सांगते. अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत घरच्यांनी, मित्रांनी कापडी पट शिवले. १९८७च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानात ते पहिल्यांदा मांडले तेव्हा १,९२० पट होते. पुढं ते वाढत जाऊन पन्नास हजारांच्या घरात गेले. शिवणाऱ्यांत कित्येकांना सुई धरता येत नव्हती. कुणी रंगवलं, कुणी चिकटवलं, कुणी गेलेल्याचा सदराच शिवून टाकला. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. अट मात्र होती: पट तीन फूट बाय सहा फूट. आठ पट जोडले की बारा फुटांची चौकट. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांचं दुःख त्या मापामुळं एकत्र जोडता आलं. आणि तुम्हांला श्रीपूर, माळीनगर, अकलूज आणि फार तर पुणं एवढ्यात साडेबारा इंच जमेना!

आता पुढचं. दिवाळीनंतर कापडाच्या तुकड्यांची अदलाबदल करायची आहे असं कानावर आलं. करा. त्यात तर शिवणीचंही निमित्त नाही. पाव मीटर म्हणजे पाव मीटर, किनार सोडून मोजायचं. कडा झिगझॅग कात्रीनं कापू नका, मग माप टोकापासून धरायचं की खाचेपासून, यावरून भांडणं होतात. तुकडा कुठल्या कापडाचा ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहायचं. आणि पाकिटात घालताना स्वतःला एवढंच विचारायचं, की हे मला आलं असतं तर मी ठेवून घेतलं असतं का.

यादी माझ्याकडे आहे. मागच्या फेरीच्या चौकटी जिच्याकडे बाकी आहेत तिनं आधी त्या आणून द्याव्यात, मोजून, साडेबाराच्या. त्यानंतरच नव्या यादीत तिचं नाव लिहीन. आणि पहिल्यांदाच चौकट शिवणाऱ्या त्या मुलीला जिनं नावं ठेवली, तिनं आज घरी जायच्या आधी तिच्याशी जाऊन बोलावं. माझ्याशी बोलायची गरज नाही.